डावीकडचा दांडा

२०१४ च्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या बायकोच्या मामांनी आपल्या जुन्या जीपमधला एक दांडा तापवून डावीकडे वाकवला. ती दुरुस्ती चुकली. स्वतःच्या गाडीची एवढी मोडतोड एवढ्या मायेने केलेला दुसरा माणूस डहाणू तालुक्यात मला माहीत नाही. त्या सगळ्या मोडतोडीत हीच एक चूक अशी होती, जी त्यांनी नंतर सुधारली नाही.

मामांची चिकूची वाडी डहाणू रोडहून आशागडकडे जाताना लागते. जीप त्यांनी लिलावात घेतली होती, तेव्हाच ती जुनी होती. गॅरेजमध्ये ती त्यांनी कधी नेली नाही. “गॅरेजवाला गाडी बरी करतो, पण तिला ओळखत नाही,” असं ते म्हणत. ते स्वतः तिला इतकं ओळखत की तिच्यातला कुठला भाग मूळचा आणि कुठला त्यांनी बसवलेला, हे त्यांच्याशिवाय कोणालाच सांगता येत नसे. गंजून गेलेल्या तळाच्या जागी चिकूच्या खोक्यांच्या फळ्या होत्या. वरचं ताडपत्रीचं छत त्यांनी वरोरच्या एका मच्छीमाराकडून जाळं विणायचा दोरा आणून शिवलं होतं. गाठी त्या मच्छीमाराने शिकवलेल्या होत्या, त्यामुळे छत एकदा बांधलं की सोडवायला मामाच लागत. उजवीकडचा आरसा बंद पडलेल्या सलूनमधला होता. हॉर्न होडीवरचा होता आणि डहाणू रोडच्या बाजारात तो वाजला की नवखी माणसं समुद्राच्या दिशेने बघत. एकदा रेडिएटर गळायला लागला तेव्हा मामांनी स्वयंपाकघरातली हळद त्यात ओतली. गळती थांबली. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. “मोहरी पण देऊ का?” त्यांनी विचारलं. “फोडणीच होऊन जाऊ दे.” मामांनी मान वर न करता सांगितलं, “मोहरीने छिद्र बुजत नाही.”

दांड्याचं असं झालं. जुन्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा असतो. तो ओढला की इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. साध्या रस्त्यावर त्याचं काम नसतं. चढ, चिखल किंवा वाळू आली की लागतो. आमच्याकडे सगळे त्याला ‘फोर बाय’ म्हणतात. मामांचा डावा गुडघा दुखत असे, म्हणून त्यांनी भंगारातून बसच्या ड्रायव्हरची रुंद, गुबगुबीत सीट आणून जीपमध्ये बसवायचं ठरवलं. त्या सीटच्या आड फोर बायचा दांडा येत होता. मामांनी सीट बसवण्याआधी, रिकाम्या गाडीत उभं राहून माप घेतलं, दांडा तापवला आणि हवा तेवढा वाकवला. मग सीट बसवली. सीटवर बसल्यावर त्यांचा हात दांड्यापर्यंत पोहोचेना. शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाचा उजवा हात मात्र नेमका त्याच्या मुठीवर पडत होता.

हे त्यांना वाडीत कळलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी, तलासरी तालुक्यातल्या एका चढाच्या पायथ्याशी कळलं. त्या चढाच्या वर मामींच्या थोरल्या भावाचं घर आहे. मामी त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणतो. आंब्यावरून पडल्यापासून दादांना चालता येत नाही. तेव्हापासून भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यायचं की बहिणीने भावाकडे जायचं, हा प्रश्नच उरला नाही. शेवटचा चढ दगडांचा. दिवाळीतही त्याच्या पायथ्याशी ओहोळ वाहता असतो. मामींचे गुडघे मामांच्याहून वाईट होते. दुसरी कुठलीही गाडी वर जात नसे. जीप चढली तरच मामींची भाऊबीज होत असे.

त्या वर्षी मी आणि माझी बायको मागच्या बाकड्यावर बसलो होतो. ओहोळापाशी मामांनी गाडी थांबवली, डावा हात खाली घातला, मग वाकून घातला, मग स्टिअरिंग सोडून घातला.

“हा ओढायचा का?” मामींनी विचारलं.

“ओढ.”

दांडा करकरला.

“आता?”

“आता गप्प बस.”

“मी गप्पच आहे. तुमचा दांडा ओरडतोय.”

गाडी चढली. वर पोचल्यावर दादांनी खाटेवरूनच विचारलं, “भावजी, दांडा तिकडे का नेलात?” मामा म्हणाले, “मुद्दामच नेलाय. उजव्या हाताला काम असलं की बाई बडबड कमी करते.” मामींनी निरांजन पेटवता पेटवता दादांना सांगितलं, “विसरलेत म्हण. माप घेताना सीटच नव्हती गाडीत.”

पुढची चार वर्षं हे असंच चाललं. चिखल दिसला की मामा म्हणत, “लाव.” मामी म्हणत, “लावला.” चिखल संपला की “काढ” आणि “काढला.” त्याशिवाय गाडी पुढे जात नसे. वाडीत खालच्या अंगाला पावसाळाभर गाळ असतो, त्यामुळे तिथे खत न्यायचं असलं तरी मामींना बरोबर जावं लागे. त्या वालाच्या शेंगा सोलायला घेऊन बसत आणि सालं तळाच्या फळ्यांवर टाकत. मामा कुरकुरत, फळ्यांच्या फटीत सालं अडकतात, असं त्यांचं म्हणणं. दांड्याची लोखंडी मूठ उन्हात तापत असे, म्हणून मामींनी जुन्या लुगड्याची चिंधी तिच्यावर घट्ट गुंडाळली होती. ती निळी होती. काही दिवसांनी मामांना “लाव” म्हणावंही लागेनासं झालं. तलासरीच्या चढाला मामी त्याआधीच दांडा ओढत. “मी सांगितलं नव्हतं,” मामा म्हणत. “सांगणार होतात,” मामी म्हणत.

२०१६ मध्ये मी एक मिस्त्री वाडीवर घेऊन गेलो. तो उंबरगावकडचा, अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलणारा. त्याने सीटखाली डोकं घालून पाहिलं आणि म्हणाला, “काका, आ शुं कर्युं? दुपारपर्यंत सरळ करून देतो.” मामी म्हणाल्या, “द्या करून. मला तरी घरी बसायला मिळेल.” मामांनी मामींकडे पाहिलं, मग गाडीकडे. “सीट हलेल,” ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला सीट हलणार नाही. “हलेल,” मामा म्हणाले, आणि त्याला टोपलीभर चिकू देऊन परत पाठवलं. मामी त्या दिवशी घरी बसल्या नाहीत. संध्याकाळी दोघं खालच्या अंगाला गेले.

२०१८ च्या भाऊबीजेला मामींना गाडीत चढवायला दोघांनी हात द्यावा लागला. मामांनी त्याआधी त्यांच्या बाजूला लोखंडी पायरी जोडली होती आणि पकडायला होडीचा जाड दोर बांधला होता. चढावर मामींना दांडा एका हाताने ओढवेना, त्यांनी दोन्ही हात लावले. मामांनी हात पुढे केला नाही. तो पोहोचत नव्हता. ते इंजिन चालू ठेवून थांबून राहिले. “लावला,” मामी म्हणाल्या, आणि मगच त्यांनी क्लच सोडला.

मामी २०१९ च्या उन्हाळ्यात गेल्या.

त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती. भाऊबीजेच्या सकाळी मामांनी आम्हाला फोन केला. “सण करायचा नाही. दादांना भेटून यायचं,” ते म्हणाले. आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा गाडी धुतलेली होती. माझी बायको पुढच्या सीटकडे वळली. “मामा, मी पुढे बसते. चढावर मी ओढीन.”

“तू मागे बस,” मामा म्हणाले. “दादांचा डबा सांभाळ. सांडेल.”

डब्यात लाडू होते.

ओहोळापाशी त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला आणि खाली उतरले. पाण्यातून, गाडीच्या पुढून वळसा घालून ते डावीकडे आले. मामींच्या पायरीवर पाय ठेवला, दोर धरून वर चढले, सीटवर बसले आणि दोन्ही हातांनी दांडा ओढला. तो करकरला. मग ते उतरले आणि आले त्या वाटेने परत आपल्या सीटवर गेले.

“लावला,” ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

वर दादांनी लाडू खाल्ला नाही, उशाशी ठेवला. “आता तरी तो दांडा सरळ करून घ्या, भावजी,” ते म्हणाले. “या वयात किती वेळा उतराल?”

“बघू,” मामा म्हणाले.

त्यानंतर मी गाडी पाहिली ती २०१९ च्या डिसेंबरात. मामांनी छत नवीन शिवलं होतं, तळाच्या दोन फळ्या बदलल्या होत्या आणि होडीच्या हॉर्नला रंग दिला होता. दांडा डावीकडेच होता. मुठीवरची निळी चिंधी बदललेली नव्हती.