सारोमच्या नावाचा पिंड

पितृपंधरवड्याच्या शेवटच्या दिवशी येय तेप विहारात सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून बसायची. गावात सगळे तिला येयच, म्हणजे आजीच, म्हणत. आजी म्हणायला घरात तिचं स्वतःचं कोणी उरलं नव्हतं. आचार्य खेम एकेकापाशी येऊन त्याच्या मेलेल्यांची नावं विचारायचे आणि मोठ्यानं पुकारायचे. नाव पुकारल्याशिवाय पिंड पोचत नाही. तेप आधी नवऱ्याचं नाव सांगायची, मग दोन मुलींची, मग जरा थांबून म्हणायची, "आणि सारोम."

खेम पहिली तीन नावं पुकारायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. तेप हात जोडून उठायची. युद्धानंतर विहार पुन्हा उघडले तेव्हापासून दर वर्षी हे असंच चालत आलेलं मी पाहिलं होतं. ती कधी भांडली नाही, पण नाव सांगायचीही थांबली नाही.

सारोम तिचा थोरला. लहानपणी तो ताडावर चढून रस काढायचा. बापाचा ताडावरून पडून जीव गेला, त्यानंतर घर त्यानंच ओढलं. युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारी फौज गावागावांतून पोरं उचलून नेत होती. आमच्या गावात फौज यायच्या आदल्या दिवशीच सारोम पळाला आणि जंगलात ख्मेर रूज बंडखोरांना जाऊन मिळाला. वर्षभरात तो कमांडर झाला. एका हिवाळ्यात त्यानं आमच्या बाजारातली तांदळाची कोठारं जाळली आणि गावच्या मुखियाला घरातून ओढत नेलं. मुखिया परत आला नाही. त्याची मुलगी चांथा तेव्हा दहा-बारा वर्षांची असेल, दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसापासून तेपच्या विहिरीवर कोणी पाणी भरायला गेलं नाही.

पुढच्या वर्षी, भाताची कापणी झाल्यावर, पुलाची लढाई झाली. गावाबाहेरच्या नदीवर एक लोखंडी पूल होता आणि त्यावर सरकारी शिबंदी. पुढे आचार्य झालेला खेम तेव्हा त्या शिबंदीत साधा शिपाई होता. ही लढाई आम्ही चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकली आहे की आम्हीही शिबंदीत होतो असं वाटावं. खेम पेले मांडायचा. हा पूल, ही रेतीच्या गोण्यांची भिंत, हा कॅप्टन सुवान.

"कॅप्टन म्हणजे एक नंबरचा झोपाळू," तो सांगायचा. "त्या दिवशी संध्याकाळीच थोरल्या भन्तेंचा निरोप आला, की आज गाव रिकामं करतोय, तुम्ही जागे राहा. सुवान म्हणाला, भन्ते म्हातारे झालेत. पण हा म्हातारा असा उगाच बोलत नाही, हे आम्हांला ठाऊक होतं. आम्ही गोण्या दुप्पट केल्या, मशीनगन या काठावरून त्या काठावर नेली."

"आणि भन्तेंना कळलं कसं?" कोणीतरी विचारायचंच.

"स्वप्न पडलं होतं म्हणतात."

गाव विहारात आणि पलीकडच्या बांबूच्या बनात लपलं होतं. मी आईच्या पाठीवर होतो. ख्मेर रूज नदीच्या पात्रातून आले आणि थेट मशीनगनच्या तोंडी सापडले. उजाडलं तेव्हा पात्रात प्रेतंच प्रेतं होती. पूल वाचला, गाव वाचलं. दोन वर्षांनी शेवटी ख्मेर रूजच जिंकले, आणि मग कोणीच वाचलं नाही असं म्हणायला हरकत नाही. थोरल्या भन्तेंना चीवर उतरवायला लावून बंधाऱ्यावर माती वाहायला पाठवलं. ते तिथेच गेले. तेपला तर गद्दाराची आई म्हणून सर्वांत लांबच्या छावणीत टाकलं. तिच्या दोघी मुली तिथे उपासमारीनं मेल्या. गावाला वाटलं, सारोम लढाई हरला म्हणून गद्दार ठरला असेल. कोणी खोलात गेलं नाही.

जंगलातले शेवटचे लोक शरण आले त्यानंतर चोम नावाचा एक माणूस आमच्याकडे बदकं पाळायला आला. बायको आमच्या गावची, म्हणून इथे राहिला. एका डोळ्यानं अधू, बोलणं कमी. एके दिवशी टपरीवर खेमचे पेले मांडून झाले होते, मशीनगन तेवढी हलवायची राहिली होती. चोमनं हात पुढे करून मशीनगनचा पेला उचलला आणि दुसऱ्या काठावर ठेवला.

"इथे होती," तो म्हणाला. "आम्हांला सांगितलं होतं त्या काठावर आहे. माझा भाऊ पुढे होता."

खेमनं हळूच विचारलं, "तू सारोमच्या तुकडीत होतास?"

"होतो. त्याला मारलं तेव्हाही होतो."

"आमच्या गोळीनं मेला ना तो?"

"तुमच्या गोळीनं मेला असता तर सुटला असता." चोमनं चहाचा घोट घेतला. "लढाईनंतर वरचे लोक आले. बातमी फुटली कशी, याची चौकशी झाली. हल्ल्याआधी सारोम आईकडे जेवून आला होता, हे एकानं सांगितलं. त्यांनी त्याला विचारलं, आईला काही बोललास? तो म्हणाला, आज रात्री घरी थांबू नकोस एवढंच बोललो. हात मागे बांधून ताडाच्या बनात नेलं. कुदळीनं मारलं. आम्हांला बघायला उभं केलं होतं."

त्या दिवशी बिल न देताच खेम उठला. दुसऱ्या दिवशी तो तेपच्या घरी गेला. आमचं अंगण एकच, मी तिथेच सायकल दुरुस्त करत बसलो होतो. तेप जिन्याखाली बसून गवती चहा चिरत होती.

"येय, भन्तेंना तुम्ही सांगितलंत?"

"कोण म्हणालं?"

खेमनं चोमचं बोलणं सांगितलं. कुदळीचं त्यानं गाळलं. पण तेपनं विचारलं, "गोळीनं मारलं की कशानं?" उत्तराची वाट तिनं पाहिली नाही.

"गोळ्या ते कशाला वाया घालवतील," ती म्हणाली आणि पुन्हा चिरायला लागली.

"येय, आम्हांला ठाऊक असतं तर..." खेम म्हणाला. "तीस वर्षं मी त्याचं नाव टाकून पुढे गेलो. या वर्षी पुकारीन. सगळ्यांना सांगून पुकारीन, की सारोममुळे हे गाव वाचलं."

"असं काही सांगायचं नाही."

"का?"

"कारण ते खोटं आहे. तो तुम्हांला मारायला आला होता. कोठारं त्यानं जाळली, मुखियाला त्यानं नेलं. माझ्या चुलीपाशी बसून त्यानं ते मला सांगितलं, आणि त्याला काही वाईट वाटत नव्हतं. मी त्याला आंबवलेल्या माशांचा प्राहोक घातलेलं कालवण वाढलं. तो निघाला आणि मी विहारात गेले."

"पण का गेलात?"

"गावात पोरं होती," ती म्हणाली. मग हात पुसले. "आणि मला वाटलं, हल्ला फसला की तो चिडून, दमून घरी येईल. आईला एवढंच सुचलं. तो भुकेला आहे, खेम. भुकेला आहे म्हणून नाव पुकारायचं असेल तर पुकार. चांगला होता म्हणून नको."

खेम उकिडवा बसला. मग तिच्यापुढची टोपली ओढून तोही चिरायला लागला.

शेवटच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. खेम तेपपाशी आला. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, मुलींची सांगितली, सारोमचं सांगितलं. खेमनं चारही पुकारली. कोणाची स्तुती केली नाही, काही समजावलं नाही.

चांथा पुढच्या रांगेत होती. ती आता आजी झाली होती. तिनं आपला जेवणाचा डबा बंद केला, बापासाठी आणलेला अन्सोम, केळीच्या पानात बांधलेला भात, पुन्हा पिशवीत घातला आणि उठली. जाताना तेपसमोर थांबली.

"तुमच्यामुळे मी जिवंत आहे, हे कळलं मला," ती म्हणाली. "तरी त्याच्या पंगतीला माझा बाप बसणार नाही."

"नको बसू दे," तेप म्हणाली.

चांथाच्या मागून आणखी बरेच लोक गेले. माझी आई बसून राहिली, पण तिनं मान वर केली नाही.

तेप त्यानंतर दोन वर्षं जगली. चोम तिला एकदा बैलगाडीतून त्या ताडाच्या बनात घेऊन गेला होता. तिथे आता रबराची लागवड आहे. रखवालदारानं त्यांना कुंपणाच्या आत सोडलं नाही. तिनं कुंपणाबाहेरच भात ठेवला आणि दोघं परत आले. ती गेली तेव्हा चितेला माणसं कमी होती. चांथा आली नाही. लाकडं मात्र तिच्या घरून आली, चांगली वाळलेली.

खेमही आता नाही. नवे आचार्य सांगितलेली सगळी नावं पुकारतात. कोण कोणाचा होता हे त्यांना ठाऊक नाही. तेपचं नाव मी सांगतो. सारोमचं चोम सांगतो, आपल्या भावाच्या नावानंतर. चांथा त्या दिवशी नदीपलीकडच्या विहारात जाते.