चाक हिच्या हाती, सवलत त्याच्या नावावर

दुपार व्हायच्या आधी हायसिंथची गाडी कूवा गावातल्या बँकेसमोर लागली की कारकून मंडळी जेवणाचे डबे घ्यायला पिशव्या घेऊन बाहेर पडायची. तिच्या हातचा पेलाऊ, म्हणजे कोंबडी घालून शिजवलेला भात, खाल्ल्यावर दुसरीकडचा घशाखाली उतरत नसे.

नवऱ्याला, विनफील्डला, सोडून निघाली तेव्हा तिने फक्त पातेली उचलली. त्याच्या गाडीला हात लावला नाही. स्वतःसाठी एक जुनी निसान घेतली आणि विम्यासाठी एजंट बलदेवकडे गेली. तिथे कळलं की इतकी वर्षं विनफील्डची गाडी एक ओरखडा न पाडता चालवूनही कंपनीच्या लेखी ती कालची शिकाऊ पोर. विम्याचे पैसे कधी न मागितल्याबद्दल मिळणारी नो-क्लेमची सगळी सवलत विनफील्डची, कारण पॉलिसी त्याची. सवलत नाही तर हप्ता असा की डब्यांचा धंदाच गुंडाळावा लागला असता, आणि विम्याशिवाय गाडी बाहेर काढायची तर पोलीस टपलेलेच.

आणि विनफील्ड कोण? चर्चला जाताना शेजारच्या सीटवर बसून आरशात टाय ठीकठाक करणारा. गाडी मागे घ्यायची वेळ आली की खाली उतरून उभा राहणारा. अशा माणसाच्या नावावर चांगल्या चालकाची सवलत साठत राहावी, याचा मला आजही संताप येतो.

"गाडी बायकोच चालवायची, असं त्यांनी लिहून दिलं तर सवलत तुम्हाला मिळेल, बाई," बलदेव म्हणाला.

विनफील्ड फोनवर खो खो हसला. "घर सोडलंस ना? मग सवलतही सोड. माझ्या नावाची आहे."

पुढच्याच आठवड्यात हे महाशय रम ढोसून स्वतः गाडी चालवायला गेले आणि औषधवाल्याचं लोखंडी गेट आडवं केलं. दुसऱ्या दिवशी हायसिंथला त्याचा निरोप आला: बलदेवकडे ये, लिहून देतो.

गॅस बंद करून ती धावत गेली. विनफील्ड इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"लिहा बलदेव, आजवर ती गाडी मी चालवलेलीच नाही. कायम हीच." बलदेवने लिहिलं, विनफील्डने झोकात सही ठोकली. मग म्हणाला, "आणि गेटला ठोकली तीही हिनेच."

हायसिंथ ताडकन उठली.

तो तिच्या कानाशी आला. "हो म्हण. प्यायलेल्याने पाडलेलं गेट कंपनी भरून देत नाही. चालक म्हणून तुझं नाव पॉलिसीत आहेच. गुमान हो म्हण, नाहीतर सवलत विसर."

"बाई," बलदेवने विचारलं, "त्या संध्याकाळी गाडी तुम्ही चालवत होता?"

हो म्हटलं की ठपका तिच्या माथी आणि सवलत गेली. नाही म्हटलं तर विनफील्ड तो कागद फाडायला धावणार.

"नाही," ती म्हणाली. "मी असते तर गेट उभं असतं."

विनफील्ड कागदावर झेपावला. बलदेवने तो आधीच खणात टाकून कुलूप लावलं होतं.

"सही तुमचीच ना?" त्याने विचारलं आणि हायसिंथचा अर्ज पुढे ओढला.

"अगं, गेटचे पैसे मी कुठून आणू?" विनफील्डचा आवाज पडला.

हायसिंथने सही केली, पर्स उचलली. "मला काय विचारतोस? तू माझ्या विम्यात नाहीस."