मास्तरांचा हात

माझी आत्या वरच्या मजल्यावर भांडायला गेली आणि तिथेच शिकायला बसली.

तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. संध्याकाळी आजोबा रेडिओला कान लावून बातम्या ऐकायला बसले की नेमकी त्याच वेळी आतून खरखर सुरू व्हायची. कट्ट-कडकट्ट, कट्ट-कट्ट. आजोबांचा पारा चढायचा. वर तारखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. त्यांनी गच्चीवर लांबलचक तार ताणली होती, आणि ही खरखर त्यांचीच देणगी आहे याबद्दल जिन्यात कुणालाही शंका नव्हती.

एके दिवशी आत्या बाह्या सरसावून वर गेली. दार उघडंच होतं. मास्तर डोळे मिटून बसले होते, कानांवर हेडफोन, उजवा हात पितळेच्या एका छोट्या कळीवर. त्यांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. भांडायला आलेली माणसं सहसा गप्प बसत नाहीत, पण आत्या बसली.

बऱ्याच वेळाने हेडफोन काढून ते म्हणाले, "बोला."

"तुमच्यामुळे आमच्या बातम्या बुडतात."

"आत्ता मी ज्याच्याशी बोललो तो एका बेटावर दीपगृह सांभाळतो. काल त्याच्या बायकोला मुलगी झाली. ही बातमी तुमच्या रेडिओवर लागणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः खाली आले, आजोबांच्या रेडिओच्या वायरीला त्यांनी तारेची एक गुंडाळी बसवली आणि खरखर कायमची थांबली. आत्याचं वर जाणं मात्र थांबलं नाही.

तारेची ती कट्ट-कडकट्ट भाषा शिकवायला मास्तर कडक होते. "ठिपके आणि रेघा मोजायच्या नाहीत," ते सांगत. "जिन्यावर कोण येतंय ते पावलांवरून कळतं ना? तेव्हा पायऱ्या मोजतेस का? तसं अक्षर ऐकायचं." आपले मराठीच शब्द, पण रोमन अक्षरांत फोडून कळीवर वाजवायचे. चुकलं की ते म्हणत "चूक", आणि नाही चुकलं की म्हणत "पुन्हा". कौतुक हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. फारच खूश असले तर "बरं" म्हणायचे, आणि त्या एका "बरं"वर आत्या आठवडाभर हवेत असायची.

मग आजी गेली. पाठोपाठ आजोबांची एक बाजू लुळी पडली. माझे वडील तेव्हा शाळेत होते. कॉलेज सोडून आत्या चष्म्याच्या दुकानात कामाला लागली. तिथे मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. फिरत्या दगडावर पाण्याची धार, त्यावर काचेची कड, आणि दर मिनिटाला ती फ्रेमला लावून बघायची. घरी यायची तेव्हा बोटांच्या पेरांत पांढरी भुकटी भरलेली असायची.

शेजारच्या गाळ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मालक दिवसभर तारांच्या जोडांना कथिलाचा डाख देत बसलेला, म्हणून सगळे त्याला डाखवाले काका म्हणत. मास्तरांनी आत्याला कान दिला, तर काकांनी हात. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन तिकडे जायची. "डाख म्हणजे खळ लावून पाकीट बंद करणं नव्हे," काका ओरडायचे. "दोन्ही तारा तापू देत आधी. एकच तापली तर जोड दिसतो चांगला, पण सुटतो. लग्नासारखंच आहे ते." स्वतः काका बिनलग्नाचे होते. त्यांच्या भंगारातून निघालेल्या सुट्या भागांतून आत्याचा पहिला सेट उभा राहिला. दिसायला अगदी पत्र्याच्या डब्यासारखा, पण बोलायचा.

परीक्षा देऊन तिने हौशी रेडिओचा परवाना मिळवला. आता हवेत तिची स्वतःची ओळख होती, चार-दोन अक्षरांची. पेढे मागण्याऐवजी मास्तर म्हणाले, "बरं. आता शिकायला सुरुवात कर."

आत्याचं लग्न झालं नाही. एक-दोन ठिकाणी बोलणी झाली, पण अंथरुणावरचे वडील आणि शाळकरी भाऊ यांच्यासकट तिला करून घेणारं कुणी भेटलं नाही. त्याबद्दल ती कधी रडल्याचं मला माहीत नाही. विषय निघालाच तर म्हणायची, "नवरे काय, सगळे आवाजच करतात. मला स्पष्ट सिग्नल लागतो."

मास्तरांची बायको वारली तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना आपल्याकडे, एका दूरच्या शहरात नेलं. गच्चीवरची तार आत्यानेच उतरवून, वेटोळं करून त्यांच्या सामानात ठेवली. जाताना मास्तर एवढंच म्हणाले, "सकाळी कामावर जाण्याआधी."

तेव्हापासून रोज सकाळी, एकीकडे चहा उकळत असताना, ती दोघं बोलू लागली. मी लहानपणी त्या घरी राहायला जायचे तेव्हा त्या पिप-पिपीनेच मला जाग यायची. काय बोलता, विचारलं तर आत्या सांगायची, "त्यांचा गुडघा, आपला पाऊस." बरीच वर्षं त्यांनी गुडघा आणि पाऊस यांवर काढली.

एकदा तिने मला बाजूला बसवून ऐकवलं. "हस्ताक्षर असतं ना, तसा प्रत्येकाचा कळीवरचा हात असतो. मास्तरांचा ऐक. शेवटची रेघ किंचित लांबवतात. दार आपटायचं नाही, हळूच लोटून घ्यायचं, तसं." मला नुसतीच पिपाणी ऐकू आली. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी मान डोलावली.

आजोबा गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सेटपुढे बसली. बातमी दिली आणि पुढे तिला काही सुचेना. पलीकडून मास्तरांनीही सांत्वनाचं एक अक्षर पाठवलं नाही. थोडा वेळ गेला की फक्त एक शब्द यायचा, "आहे." पुन्हा शांतता. पुन्हा, "आहे." चहा आटून पातेलं करपलं तरी ती उठली नाही.

मग एका थंडीत मास्तरांचा हात बदलला.

आधी शेवटची ती लांबवलेली रेघ गेली. दारं आपटल्यासारखी अक्षरं तुटक येऊ लागली. मग शब्दाच्या मध्येच ते थबकू लागले, वाट चुकल्यासारखे. एका सकाळी त्यांनी "तुझ्या वडिलांची तब्येत कशी आहे?" असं विचारलं. आत्याने कळीवरून हात काढून घेतला.

तिने मास्तरांच्या मुलाला फोन लावला.

"ताई, बाबा ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात."

"वाचत असतील. पण त्यांचा हात बदललाय."

"हात? हाताला काय झालं?"

आत्याला ते समजावून सांगता येईना. "डॉक्टरांना दाखवा एकदा," एवढंच तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. तो बरं म्हणाला. दाखवलं नसावं. काही महिन्यांनी मास्तर दूध आणायला बाहेर पडले आणि दुपारी कुठल्याशा भलत्याच इमारतीच्या जिन्यावर बसलेले सापडले. संध्याकाळी मुलाचा फोन आला. आवाज पार बसलेला. "ताई, तुम्हाला कसं कळलं होतं हो?"

आपलं खरं ठरलं याचा एवढा राग आत्याला आयुष्यात कधी आला नव्हता.

नंतर मास्तरांनी सेटच्या तारा भलतीकडेच जोडल्या, धूर निघाला. घरच्यांनी सेट माळ्यावर टाकला. त्यांचंही चुकलं नाही. आत्याचा सकाळचा चहा मात्र आता वेळेवर खाली उतरू लागला.

डाखवाले काकांचं दुकान तोवर बंद झालं होतं. त्यांची नजर गेली होती, आत्याने घासलेल्या जाडजूड काचांनीही भागत नव्हतं. ते म्हणाले, "जाऊन भेट त्याला. पण रिकाम्या हाताने जाऊ नको." आणि चाचपडत, बोटं भाजून घेत, त्यांनी तिला एक खोकं बनवून दिलं. आत एक सेल, वर एक कळ. दाबली की पिप वाजायची. सरावासाठी असतं ते. हवेत काही जात नाही, खोलीतच ऐकू येतं.

मास्तरांच्या खोलीत खिडकीशी एक टेबल होतं, त्यावर औषधांचा डबा आणि पाण्याचा पेला. आत्या समोर बसली. त्यांनी तिच्याकडे सभ्यपणे बघितलं.

"बाबा, ओळखलंत का कोण आहे?" मुलाने विचारलं.

"चष्म्याचं माप घ्यायला आल्यात ना?" मास्तर म्हणाले. मुलगा कसानुसा हसला आणि बाहेर गेला.

आत्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि कळीवर आपली ओळख वाजवली, हवेतली, चार-दोन अक्षरांची. मास्तरांचे डोळे आपोआप मिटले. ऐकताना ते नेहमी मिटायचे. त्यांनी हात पुढे केला, कळ स्वतःकडे ओढली, आणि हात चालू लागला. अडखळत, पण चालू लागला.

"सिग्नल छान," त्यांनी पाठवलं. "खूप दिवसांनी. कुठे होतीस?"

आत्याने कळ आपल्याकडे घेतली. "इथेच. तुम्ही कसे आहात?"

"गुडघा दुखतो. तुझ्याकडे पाऊस?"

"पडतोय," आत्याने पाठवलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

मग मास्तर म्हणाले, म्हणजे कळीवर म्हणाले, "माझी एक शिष्या आहे. खाली राहते. भांडायला आली होती. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

आत्याला कळ दिसेना. तिने कशीबशी अक्षरं जोडली. "तिला सांगितलंत?"

"नाही. डोक्यात जाईल." थोडं थांबून त्यांनी डोळे उघडले, समोर बघितलं, पुन्हा मिटले. "इथे एक बाई बसलीय. ओळखीची नाही. रडते."

"तिला पाणी द्या," आत्याने पाठवलं.

मास्तरांनी डोळे उघडले आणि आपला पेला उचलून, सांडू न देता, तिच्यापुढे सरकवला. "घ्या," ते तोंडाने म्हणाले. "कुणी लांबचं आहे का तुमचं?"

"हो," आत्या म्हणाली.

त्यानंतर सुट्टी मिळेल तशी ती जात राहिली. डोळे मिटले की ती त्यांची शिष्या, उघडले की परकी बाई. कुठली होऊन बसावं हे तिच्या हातात नव्हतं. हळूहळू शब्द कमी झाले, मग अक्षरं. शेवटच्या भेटीत मास्तरांनी कळीवर हात ठेवला आणि नुसताच दाबून धरला. एकच लांब सूर. सून धावत आली, आत्याने तिला हातानेच थांबवलं. सूर बराच वेळ चालला. मग तिने मास्तरांची बोटं एकेक करून कळीवरून उचलली आणि आपल्या हातात घेतली.

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा ती दुकानात होती. हातातली काच पुरी घासून, फ्रेमला बसवून, गिऱ्हाइकाला देऊन ती घरी आली.

हौशी रेडिओवाल्यांत कुणी गेलं की हवेत ते कळवतात. अमक्याची कळ थांबली, म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काम आत्याने केलं. मास्तरांची ओळख वाजवली, वर तेवढेच शब्द. शेवटची रेघ तिने किंचित लांबवली. मग कुठून कुठून, न पाहिलेल्या माणसांनी एकेकदा मास्तरांची ओळख वाजवली आणि सगळे गप्प झाले. तिने सेट बंद केला.

त्यालाही आता किती वर्षं झाली. काकाही गेले. चष्म्याच्या काचा आता यंत्र घासतं, आत्या निवृत्त झाली. परवा मी तिच्याकडे राहिले. सकाळी ती सेटपुढे बसलेली होती, कळ रुमालाखाली झाकलेली. आता ती फक्त ऐकते.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

"नवा आहे कुणी. रोज हाक देतो. घाई फार, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात."

"कुणी उत्तर देतं का त्याला?"

"अजून तरी नाही."

"मग तूच दे की."

तिने रुमालावर हात ठेवला. बोटं सांध्यांत सुजलेली होती. पलीकडचा बिचारा पुन्हा पहिल्यापासून हाक देत होता.

"उत्तर दिलं की तो रोज येणार," आत्या म्हणाली. "मग मला त्याचा हात पाठ होणार. नको गं आता." तिने आवाज थोडा कमी केला, बंद नाही केला, आणि चहा टाकायला उठली.