हाराची शेंडी

दादरच्या फूलबाजारातून घरी जाताना कालिंदी हारवाल्या राजेशच्या पाटीसमोर क्षणभर थांबते आणि मान तुकवते. राजेशला ते आवडत नाही. "काय मावशी, मी काय देव आहे का?" असं तो दरवेळी म्हणतो. तीही दरवेळी नुसती हसते आणि पुढे जाते. तिच्या मनात जे असतं ते बाजाराच्या गलक्यात उभं राहून बोलता येण्यासारखं नाही.

कालिंदी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. लग्नानंतर बरीच वर्षं ती पाठीवर गोणी टाकून रस्त्यावरचा भंगारमाल वेचत होती. मग महापालिकेने पुलाखालच्या मोकळ्या जागेत फुलांपासून खत करायची शेड उभारली आणि तिला तिथे काम मिळालं. बाजारात उरलेले हार, देवळांचं निर्माल्य, बुद्धविहारातली फुलं, सगळं तिथेच येतं. यंत्रात त्याचा भुगा होतो, भुगा हौदात कुजतो, मग खत चाळून शीवच्या एका नर्सरीवाल्याकडे जातं. शेडमध्ये नळ आहे, बाईमाणसाला संडास आहे, गळ्यात फोटोवालं ओळखपत्र आहे. पहिल्या दिवशी हातमोजे मिळाले तेव्हा कालिंदीने ते घालायच्या आधी घरी नेऊन सगळ्यांना दाखवले होते.

अडचण एकच होती, नायलॉनचा दोरा. झेंडूचे हार तसेच यंत्रात टाकले की दोरा आतल्या फिरत्या दांड्याला गुंडाळायचा, यंत्र घरघरून बंद पडायचं आणि बरोबर काम करणारी नम्रता ब्लेड घेऊन दांडा सोलत बसायची. शेवटी कालिंदीनेच डोकं चालवलं. कोयता आणला आणि हार आधी बारीक तोडून मग यंत्रात टाकायला सुरुवात केली. यंत्र अडायचं थांबलं. बायकांनी तिची पाठ थोपटली, वॉर्ड ऑफिसच्या अनुजा मॅडमनीही शाबासकी दिली.

काही महिन्यांनी नर्सरीवाला एक कुंडी काखेत मारून शेडमध्ये आला. कुंडीच्या तळातल्या भोकातून दोऱ्याचे तुकडे लोंबत होते. "झाडाला दाढी आलीय बघा," तो म्हणाला. गिऱ्हाइकं माल परत आणत होती. पुढचा हौदही असाच निघाला तर तो खत घेणार नव्हता.

अनुजा मॅडम ज्युनियर इंजिनियर. स्वभावाने सरळ. त्यांनी काही लपवून ठेवलं नाही. खत कोणी घेत नसेल तर शेड चालू ठेवायचं कारण वरच्यांना पटवता येणार नाही. मग शेड बंद होईल आणि बाजारातली फुलं पुन्हा बाकीच्या कचऱ्याबरोबर डंपिंगला जातील. बायकांचं काय, हे त्या बोलल्या नाहीत. कालिंदीला ते न बोलताच कळलं. घरी कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली जुनी गोणी तिला आठवली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात उतरली. नायलॉन सोडा, सुती दोरा वापरा, असं एकेका हारवाल्याला विनवत फिरली. सगळ्यांचं उत्तर सारखंच होतं. फुलांवर सारखं पाणी मारावं लागतं, भिजलेला सुती दोरा वजनाने तुटतो, आणि वरातीत नवऱ्याच्या गळ्यातला हार तुटला तर मार कोण खाणार?

राजेशही तेच म्हणाला. पण त्याने वर एक गोष्ट विचारली. आम्ही तर अख्खा दोरा घालतो, मग तुझ्या खतात तुकडे येतात कुठून? कालिंदीने थोड्या अभिमानानेच कोयत्याची युक्ती सांगितली.

राजेशची सुई थांबली.

"मावशी, हार तोडतेस तू? अगं, हार सोडायचा असतो."

त्याने पाटीतला एक शिळा हार उचलला. खालच्या गोंड्यात बोटं घालून आतली गाठ शोधली, सोडली, आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरून एक हिसका दिला. फुलं सरसर खाली पडली. हातात उरला तो सबंध दोरा.

कालिंदी बघतच राहिली. यंत्र वाचवायच्या नादात एका दोऱ्याचे शंभर तुकडे तिनेच करून ठेवले होते.

पण कोमेजलेल्या, चिकट गोंड्यातली गाठ शोधायला तिला फार वेळ लागला. असे ढीगभर हार सोडायचे कसे? हार ओवतानाच दोऱ्याचं टोक गोंड्याबाहेर लोंबतं ठेवलं तर? गाठ लगेच सापडेल. तिने तसं विचारल्यावर राजेशचा चेहरा उतरला. गाठ दिसू न देणं हीच त्याची कारागिरी होती. गाठ दिसली तर हात कच्चा, असं वडिलांनी लहानपणापासून बजावलेलं. शेजारचा हारवाला खिदळला, "राजेश, मावशी तुझ्या हाराला शेंडी ठेवायला सांगतेय रे." राजेशने सुई पुन्हा फुलात घातली. कालिंदीही जास्त न ताणता परत आली. कोणाच्या हातची कला मागायची म्हणजे थोडं जास्तच झालं, असं तिला वाटत राहिलं.

आठवडा सरता सरता नम्रताने शेडमधून हाक मारली. तिच्या हातात एक सुकलेला हार होता आणि गोंड्याखाली बोटभर दोरा लोंबत होता. मग दुसरा सापडला, तिसरा सापडला.

कालिंदी तडक बाजारात गेली. गिऱ्हाइकं विचारत नाहीत का, तिने विचारलं.

"विचारतात ना," राजेश मान वर न करता म्हणाला. "मी सांगतो, तिथे गाठ आहे. सोडा, दोरा ओढा, फुलं कुंडीत टाका. शेजारचा आधी हसत होता. आता तोही ठेवतो, आणि त्याचं बघून बाकीचेही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राजेशने ते पाहिलं आणि मुद्दाम एका गिऱ्हाइकाशी बोलू लागला.

कोयता बाजूला ठेवून, हार सोडून भरलेला पुढचा हौद उघडला तेव्हा अनुजा मॅडम स्वतः आल्या. त्यांनी बाही वर सारून खतात कोपरापर्यंत हात घातला, एकदा, मग पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात. हात बाहेर काढून बोटं पसरली. बोटांना काळी, भुसभुशीत माती तेवढी लागली होती. नर्सरीवाल्याने गोणी त्याच दिवशी टेम्पोत चढवल्या. जुन्या हौदांतलं खत बायका अजून बारीक चाळणीतून काढतात, ते काम किचकट आहे. पण शेड चालू आहे.

सबंध निघालेले दोरे आता वाया जात नाहीत. कालिंदी ते धुऊन, गुंडाळून राजेशकडे देते. तो त्या दोऱ्यांनी पानांच्या जुड्या बांधतो.

बुद्धपौर्णिमेला चाळीजवळच्या विहारासाठी तिने राजेशकडूनच हार घेतला. पौर्णिमेनंतर विहारातली फुलं शेडमध्ये आली, तेव्हा तो हार तिने लगेच ओळखला. गाठ सोडली, शेंडी सुटू दिली, दुसरं टोक धरून ओढलं. पाकळ्या ओंजळीत घेऊन हौदात सोडल्या. मग दोरा बोटांभोवती गुंडाळला आणि तो द्यायला ती बाजाराकडे निघाली.