मामांची कुर्दी आणि मामींच्या कुरडया

माझ्या मामांना जितकी अरबी आणि कुर्दी लोकगीतं पाठ आहेत तितकी अख्ख्या आयर्लंडात दुसऱ्या कुणाला नसतील, आणि त्यांतल्या एकाही ओळीचा अर्थ मामांना ठाऊक नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. तरुणपणी ते इराकमध्ये धरणाच्या कामावर इंजिनियर होते. सुट्टीला बाकीचे पत्ते कुटत, तेव्हा हे भलाथोरला टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून खेडी पालथी घालत. नावाडी असो, मेंढपाळ असो की लग्नघरची बाई, जो गाईल त्याच्या तोंडापुढे माइक. पुढे ते आयर्लंडात ड्रोहेडाला आले, हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करता करता निवृत्त झाले, पण कान तिकडेच राहिले. डब्लिनहून मला त्यांच्या घरी नेताना ते गाडीत रेकॉर्डिंगमधल्या नावाड्यांबरोबर गातात, आणि एका गाण्यात मागे कुत्रं भुंकतं तिथे स्वतः भुंकतात. शेजारच्या आयरिश बाईंनी एकदा काळजीने विचारलं, तर म्हणाले, "त्याशिवाय ताल चुकतो."

घरात गरम पाण्याच्या टाकीजवळचं उबदार कपाट, ज्याला इथे हॉट प्रेस म्हणतात, ते त्या टेपच्या रिळांचं. टॉवेल जिन्यावर. मामींनी तेही सोसलं. डब्लिनच्या एका ध्वनिसंग्रहालयाने सगळी रिळं संगणकावर उतरवून दिली, तेव्हा मामींना वाटलं, सुटले. पण एक रीळ चिकट झालं होतं. लावलं की किंचाळायचं आणि अडकायचं. ते मामांनी परत आणलं. अशी फीत मंद उष्णतेवर वाळवली तर एखादेवेळी वाजते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आणि इथल्या उन्हावर भरवसा नको म्हणून मामींनी वाळवणासाठी विजेचं यंत्र घेतलं होतं. मामी बाजारातून आल्या तर ओल्या कुरडया ओट्यावर आणि कुर्दी रीळ यंत्रात. दुपारभर त्या यंत्राकडे पाठ करून बसल्या. मग स्वतःच उठून उष्णता कमी केली. "तुम्ही चहासुद्धा करपवता," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी टेपरेकॉर्डरला लॅपटॉप जोडून बसलो. मामांची हॉस्पिटलातली ओळख, एक तरुण कुर्दी डॉक्टर, चहाला आली होती. रीळ फिरलं. एकट्या बाईचा आवाज, साथीला काही नाही. मामा डोळे मिटून बरोबरीने गात होते. गाणं संपलं, बाई हसली आणि काहीतरी म्हणाली. तेही मामा त्याच हेलात म्हणाले, शेवटची ओळ म्हणावी तसे.

डॉक्टर हसली. "अंकल, हे गाण्यात नाहीये," ती म्हणाली. "ती तुम्हाला म्हणतेय, आता मलाही माझं गाणं ऐकव."

मामांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "मला वाटलं, आशीर्वाद देतेय. खाली जीप हॉर्न वाजवत होती. मी वाकून नमस्कार केला आणि पळालो."

रिळाची तपकिरी भुकटी टेपरेकॉर्डरवर सांडली होती. ते पुन्हा वाजणार नव्हतं. पण लॅपटॉपवर सगळं आलं होतं. मामांनी मला ते पहिल्यापासून लावायला सांगितलं. या वेळी ते गायले नाहीत. बाईचं ते वाक्य आलं तेव्हा हळूच "हो" म्हणाले, आणि पुन्हा लाव म्हणून मला खूण केली. मामींनी उठून आवाज मोठा केला.