हळदीवाचूनची पूजा

माझा देवीवरचा विश्वास त्या दिवसांत डळमळला होता. छातीत गाठ निघाली, केमो सुरू झाली आणि घरात ठरलं की मुलीचं लग्न जमेपर्यंत याचा कुठं शब्द काढायचा नाही. आईला कॅन्सर म्हटलं की आलेली स्थळं परत फिरतात. अमरावतीत आमचा गोतावळा मोठा, म्हणून मी डोक्याला रुमाल बांधून दाराआड बसले.

मोबाइल मात्र सुरू होता. भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी देव्हाऱ्याचा फोटो टाकायची माझी जुनी सवय. ती मोडली असती तर लोकांना शंका आली असती. मला उठवत नव्हतं, त्यामुळे पूजा आमचे हे करू लागले आणि मी पडल्या पडल्या फोटो टाकू लागले. खाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. गंमत बघा, लपवत मीच होते आणि कुणीतरी विचारावं म्हणून तळमळतही मीच होते. देवीला म्हणायची, बरं नाही केलंस तरी चालेल, पण एखादीला माझी आठवण येऊ दे.

एका सकाळी फोन वाजला. ग्रुपमधल्याच अकोल्याच्या एक बाई. कधीतरी एका भजनाला शेजारी बसलो होतो, तेवढीच ओळख.

"ताई, तुमच्या घरी पूजा कोन करून राह्यलं?"

"का बरं?" मी विचारलं.

"देवीले नुसतं कुंकू दिसते, हळदच नाही. कालबी नोती. बाईमानूस हळद नाही इसरत. बरं नाही का तुमाले?"

मला हुंदका आवरेना. "मले कॅन्सर झाला," हे मी तोंडानं पहिल्यांदाच उच्चारलं.

"रडा मोकळ्यानं. मी फोन ठेवत नाही. अन् कोनाले सांगतबी नाही."

दुसऱ्या दिवशी त्या अकोल्याहून बसनं आल्या. माझा रुमाल सोडला, डोक्यावरून हात फिरवला, कपाळाला आधी हळद, मग कुंकू लावलं. इतक्या दिवसांत मला कुणी असं शिवलं नव्हतं.

उपचार अजून चालू आहेत. पुढचं देवीवर सोडलंय. बरं असलं की पूजा मीच करते. अंग टाकलं की हे करतात आणि हळद अजूनही विसरतात. मी आठवण करून देत नाही. फोटो टाकते, हात जोडते आणि अकोल्याच्या फोनची वाट पाहते.