निळ्या पाण्याचा वाफा

काल ठाण्याच्या बाजारात वाणी दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोरचूद बांधून देत होता. तो निळा खडा पाहिला आणि मी सामान न घेताच बाहेर पडलो.

माजिवड्याच्या आमच्या वाडीत कुदळीखाली गांडूळ तुटले, की वडील मातीला हात लावून तो कपाळाला लावीत. मी तेव्हा नुकताच बी. ए. झालो होतो, घराण्यातला पहिला. गांडुळे मुळे खातात, असे एका इंग्रजी पुस्तकात वाचले होते.

"अरे, ते आपले बैल आहेत, वैरण न मागणारे," वडील म्हणाले.

"बाबा, हे अडाण्याचे बोलणे झाले," मी हसलो आणि वांग्याच्या वाफ्यात मोरचुदाचे पाणी घागरीमागून घागर ओतले.

थोड्या वेळाने माती हलू लागली. शेकडो गांडुळे वर आली, वळवळली आणि दुपारपर्यंत निपचित पडली.

वडील रागावले नाहीत. त्यांनी शेजारच्या वाडीतून पाटीभर गांडुळे आणून वाफ्यात एकेक सोडली. तीही मेली. मग माझ्या पुस्तकाकडे बोट दाखवून त्यांनी अगदी मनापासून विचारले, "तू शिकलास रे. ती परत केव्हा येतील, ते यात बघ की."

मी सगळी पाने उलटली. वडील दारात उभे होते. ते कुठेच लिहिलेले नव्हते.

वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तो वाफा मी अजून दरवर्षी खणून बघतो, आणि कुदळीखाली तुटायला काहीच नसताना मातीचा हात कपाळाला लावतो.